कचऱ्यातले पत्र आणि एक बदनाम प्राध्यापक

शिकागोतील पावसाळी सकाळ होती. विद्यापीठातले एक प्राध्यापक आपल्या घरामागच्या बोळातून चालले होते. एवढ्यात वरच्या कुठल्याशा खिडकीतून कचऱ्याने भरलेली पिशवी खाली आली. प्राध्यापक चटकन बाजूला सरकले म्हणून बचावले. पिशवी मात्र त्यांच्या पायाशी आपटून फुटली. त्या कचऱ्यात एक लांबलचक पत्र होते. दुसरा कोणी असता तर नाक मुरडून पुढे गेला असता. या गृहस्थांनी ते पत्र उचलले, घरी नेले आणि वाचून काढले. पत्र पोलिश भाषेतले होते. इस्पितळात शिक्षण घेणाऱ्या एका मुलीने ते आपल्या वडिलांना लिहिले होते आणि त्यात घरातली नाती, रुसवेफुगवे, भांडणे यांचाच मजकूर होता.

ही हकीकत समाजशास्त्राचे विद्यार्थी पिढ्यान् पिढ्या ऐकत आले आहेत. सांगता सांगता तिला थोडे तिखटमीठ लागले असेलही. पण त्यानंतर जे घडले ते मात्र छापील स्वरूपात आजही ग्रंथालयांत आहे. त्या प्राध्यापकांनी अशी शेकडो पत्रे जमवली आणि त्यांच्या आधारे पाच खंडांचा एक ग्रंथ सिद्ध केला. देश सोडून परक्या मुलखात गेलेल्या माणसाचे काय होते, तो तिथे कसा रुजतो किंवा का रुजत नाही, या प्रश्नाचा शास्त्रशुद्ध अभ्यास खऱ्या अर्थाने तिथून सुरू झाला, असे मानले जाते. त्या प्राध्यापकांचे नाव विल्यम आयझॅक थॉमस. कचऱ्यातल्या पत्राची किंमत ज्याला कळली, त्यालाच पुढे त्याच्या विद्यापीठाने एका सकाळी कचऱ्यासारखे बाहेर फेकले, हा या कहाणीचा उत्तरार्ध आहे.

डोंगरातला मुलगा

थॉमस यांचा जन्म १३ ऑगस्ट १८६३ रोजी अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यातील रसेल परगण्यात झाला. अमेरिकेतले यादवी युद्ध तेव्हा ऐन भरात होते. वडील शेती करीत आणि मेथडिस्ट पंथाचे धर्मोपदेशक म्हणूनही काम पाहत. मुलखाचा हा भाग डोंगराळ, एकाकी, रेल्वे आणि शहरापासून दूर. मुलांचे शिक्षण व्हावे म्हणून वडिलांनी बिऱ्हाड टेनेसी राज्यात हलवले आणि अखेर नॉक्सव्हिल या विद्यापीठाच्या गावी आणले. पुढे उतारवयात आपल्या आयुष्याकडे मागे वळून पाहताना थॉमस म्हणत, की आपण जन्मलो ते जवळजवळ अठराव्या शतकात आणि तिथून पायरीपायरीने स्थलांतर करीत विसाव्या शतकात येऊन पोहोचलो. स्थलांतराचा हा अभ्यासक मनाने स्वतःला स्थलांतरितच समजत असे.

टेनेसी विद्यापीठात त्यांनी साहित्य आणि अभिजात भाषांचा अभ्यास केला. १८८४ साली पदवी घेतली आणि तिथेच ग्रीक, लॅटिन असे विषय शिकवू लागले. १८८८ साली ते जर्मनीला गेले. बर्लिन आणि ग्यॉटिंगेन येथे त्या काळी लोकमानसशास्त्र या नव्या विषयाचा बोलबाला होता. एखाद्या समाजाच्या दंतकथा, म्हणी, चालीरीती यांतून त्या समाजाचे मन वाचता येते, ही कल्पना थॉमस यांच्या मनात तिथे रुजली. परत आल्यावर ओबरलिन महाविद्यालयात इंग्रजीची प्राध्यापकी चालू झाली. नोकरी चांगली होती. पण शिकागोत नवे विद्यापीठ उघडले होते आणि तिथे समाजशास्त्राचा स्वतंत्र विभाग निघाला होता. तिशीतल्या, संसारी थॉमस यांनी स्थिर नोकरी सोडली आणि ते पुन्हा विद्यार्थी झाले. १८९६ साली त्यांना डॉक्टरेट मिळाली आणि १९१० पर्यंत ते त्याच विभागात पूर्ण प्राध्यापक झाले.

त्यांची सुरुवातीची मते आज वाचली तर कपाळाला आठी पडते. स्त्री-पुरुषांतला फरक, वेगवेगळ्या वंशांतला फरक हा सारा शरीराच्या घडणीतून येतो, असे त्या काळच्या बहुतेक विद्वानांप्रमाणे तेही मानत. पण हा माणूस आपल्याच मतांना चिकटून बसणारा नव्हता. जसजसा पुरावा समोर आला तसतशी त्यांनी जुनी मते सोडून दिली. बाईची बुद्धी कमी दिसते, कारण तिला संधी दिलेली नसते, असे ते १९०७ सालच्या आपल्या पुस्तकात लिहू लागले होते. स्त्रियांच्या मताधिकाराच्या बाजूने ते जाहीर व्याख्याने देत आणि वृत्तपत्रे त्यावर काहूर उठवीत. विद्यापीठातल्या सोवळ्या मंडळींना हे प्राध्यापक फारसे रुचत नसत, याची बीजे इथेच होती.

पन्नास हजार डॉलर आणि एक शहर

त्या वेळचे शिकागो डोळ्यांसमोर आणल्याशिवाय पुढची गोष्ट कळायची नाही. १९१० साली या शहराची वस्ती सुमारे २२ लाख होती आणि त्यातला तिघांतला एकाहून अधिक माणूस परदेशात जन्मलेला होता. १९०७ या एका वर्षात अमेरिकेच्या बंदरांत १२ लाख ८५ हजार नवे लोक उतरले. इटालियन, ज्यू, हंगेरियन, आणि लक्षावधी पोलिश. शिकागोचे कत्तलखाने आणि पोलादाचे कारखाने या पोलिश शेतकऱ्यांच्या श्रमांवर चालत. पोलिश वस्ती इतकी वाढली, की वॉर्सा आणि वूच या पोलंडमधल्या शहरांखालोखाल शिकागो हेच पोलिश लोकांचे मोठे शहर, असे म्हटले जाई. गंमत म्हणजे तेव्हा पोलंड नावाचा देशच नकाशावर नव्हता. १७९५ पासून तो रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रिया या तिघांनी वाटून घेतलेला होता.

या पाहुण्यांविषयी अमेरिकेत कुरकुर वाढत होती. हे लोक अडाणी आहेत, घाणेरडे आहेत, गुन्हेगार आहेत, आपल्यात कधीच मिसळणार नाहीत, असा सूर निघे. सरकारने डिलिंगहॅम या सिनेटरच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग नेमला. त्याचा अहवाल १९११ साली ४१ खंडांत प्रसिद्ध झाला. आधी आलेले उत्तर युरोपीय बरे आणि आता येणारे पूर्व व दक्षिण युरोपीय वाईट, असा त्याचा एकूण रोख होता. खंड ४१, कोष्टके अगणित. पण आपले गाव सोडताना त्या माणसाच्या मनात काय होते, हे त्यात शोधूनही सापडणे कठीण.

नेमका हाच प्रश्न थॉमस यांना पडला होता. त्यांना पैशाचे पाठबळ दिले ते हेलन कल्व्हर या शिकागोतील श्रीमंत वृद्धेने. जेन अ‍ॅडम्स यांनी स्थलांतरितांसाठी चालवलेले प्रसिद्ध ‘हल हाउस’ ज्या वास्तूत होते, ती वास्तू याच बाईंनी दिलेली. १९०८ साली त्यांनी थॉमस यांच्या संशोधनासाठी ५० हजार डॉलर देऊ केले. त्या काळी ही रक्कम प्रचंड होती. थॉमस यांनी सुरुवातीला अनेक देशांच्या लोकांचा अभ्यास योजला होता. पुढे त्यांनी एकाच समाजावर लक्ष केंद्रित केले: पोलिश शेतकरी. ते पोलिश भाषा शिकले, युरोपच्या फेऱ्या करू लागले, खेड्यापाड्यांतून हिंडू लागले. शेतकऱ्यांसाठी निघणाऱ्या एका पोलिश साप्ताहिकाकडे वाचकांनी पाठवलेली पत्रे त्यांनी मिळवली. शिकागोत पोलिश वृत्तपत्रात जाहिरात दिली: घरून आलेली पत्रे आणून द्या, पत्रामागे दहा ते वीस सेंट मिळतील. आणि ट्रंकांच्या तळाशी जपून ठेवलेली पत्रे बाहेर येऊ लागली.

वॉर्साहून आलेला सोबती

१९१३ साली वॉर्सामध्ये थॉमस यांची गाठ फ्लोरियान झ्नान्येत्स्की या तरुणाशी पडली. वय ३१. तत्त्वज्ञानाचा डॉक्टर, तरुणपणी कविताही लिहिलेल्या. रशियन सत्तेविरुद्धच्या निदर्शनांत भाग घेतल्यामुळे विद्यापीठातून काढून टाकलेला, आणि म्हणून प्राध्यापकाची नोकरी मिळण्याची आशा नसलेला. पोटासाठी तो देशांतर करणाऱ्यांच्या संरक्षणासाठी स्थापन झालेल्या संस्थेचा कारभार पाहत होता. परदेशी जाणाऱ्या शेतकऱ्याला दलालांनी नाडू नये, त्याला खरी माहिती मिळावी, हे या संस्थेचे काम. थॉमस यांना हवी ती कागदपत्रे त्याच्याकडे होती आणि ती समजावून सांगणारी बुद्धीही.

पुढच्याच वर्षी महायुद्ध पेटले आणि झ्नान्येत्स्की शिकागोला येऊन दाखल झाला. थॉमस यांनी त्याला आधी मदतनीस म्हणून ठेवून घेतले. पण काम जसे पुढे गेले तसे त्यांच्या लक्षात आले, की हा केवळ भाषांतर करणारा नाही. ग्रंथाच्या वैचारिक मांडणीत त्याचा बरोबरीचा वाटा आहे. थॉमस पन्नाशी ओलांडलेले नामवंत प्राध्यापक, तर झ्नान्येत्स्की परक्या देशातला नोकरी नसलेला परागंदा. तरीही मुखपृष्ठावर दोघांची नावे लेखक म्हणून आली. विद्येच्या क्षेत्रात हाताखालच्या माणसाचे श्रम आपल्या नावावर खपवणारे पुष्कळ असतात. थॉमस त्यांतले नव्हते, ही गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. कारण पुढे त्यांच्या वाट्याला नेमके उलटे आले.

पत्रांत काय होते?

‘युरोप आणि अमेरिकेतील पोलिश शेतकरी’ हा ग्रंथ १९१८ ते १९२० या काळात पाच खंडांत प्रसिद्ध झाला. पाने दोन हजारांहून अधिक. त्यात साडेसातशेहून अधिक पत्रे सुमारे ५० कुटुंबांच्या मालिकांत लावून दिलेली आहेत. शिवाय बेकरीत काम करणाऱ्या व्लादेक नावाच्या तरुणाने लिहिलेले प्रदीर्घ आत्मचरित्र आहे. एका सामान्य कारागिराने आपली कहाणी स्वतः लिहावी आणि विद्वानांनी ती शास्त्राचे साधन म्हणून छापावी, ही तेव्हा नवलाची गोष्ट होती.

या पत्रांचा एक ठरावीक साचा होता. आरंभी येशूचे स्तवन. मग आम्ही खुशाल आहोत, तुमचीही खुशाली चिंतितो. मग घरातल्या एकेकाचे नाव घेऊन नमस्कार, आणि शेवटी पुन्हा नमस्कार. आपल्या आजोबा-पणजोबांच्या पत्रांतले साष्टांग नमस्कार आणि क्षेमकुशल ज्यांना आठवते, त्यांना या पत्रांची ओळख पटायला वेळ लागणार नाही. शहरी वाचकाला यात नुसती पोकळ औपचारिकता दिसली असती. थॉमस यांना त्यात अर्थ दिसला. एरवी लग्नात, बारशात, मयताला सारे कुटुंब एकत्र जमते आणि आपण एक आहोत हे एकमेकांना दाखवते. समुद्रापलीकडे गेलेल्याला ते शक्य नसते. म्हणून पत्रातले नमस्कार हीच त्याची हजेरी. पत्रात एखाद्या नातलगाचे नाव राहून गेले, तर ती नुसती विसरभोळेपणाची चूक उरत नसे.

पण वर्षे सरत जातात तशी पत्रे बदलत जातात, आणि या ग्रंथातला सगळ्यांत हेलावून टाकणारा भाग तोच आहे. आधी बोटीच्या तिकिटाची मागणी येते, मग पैशांची. धाकट्या भावाला बोलावून घे. बहिणीच्या लग्नाला हातभार लाव. जमिनीच्या वाटणीत तुझा हिस्सा काय? तिकडच्या माणसाच्या उत्तराला उशीर होऊ लागतो. एका मालिकेत वॉर्सातली एक बाई अमेरिकेत गेलेल्या नवऱ्याला वर्षानुवर्षे पत्रे लिहिते. प्रथम ती त्याच्या बोलावण्याची वाट पाहते. मग निदान पैसे तरी पाठवा म्हणते. मग भाडे थकल्याचे, आजारपणाचे लिहिते. तरी प्रत्येक पत्रात पतीविषयीचा आदर कायम असतो. बोलावणे मात्र येत नाही. मध्ये कोणी खलनायक नाही, मोठे भांडण नाही. अंतर आणि काळ यांनीच एक संसार झिजवून टाकला. ४१ खंडांच्या सरकारी अहवालात हे नव्हते.

या साऱ्यातून थॉमस आणि झ्नान्येत्स्की यांनी काढलेला निष्कर्ष साधा पण मोठा होता. गावात माणसाला सावरणारे शेजारी असतात, भावकी असते, धर्मगुरू असतो. लोक काय म्हणतील, हा धाक असतो. परक्या शहरात तो आधार एकाएकी नाहीसा होतो. मग दारू, मोडलेले संसार, बिथरलेली मुले दिसू लागतात. हे रक्तातले दोष नव्हेत. जुनी चौकट मोडली आणि नवी अजून उभी राहिली नाही, या मधल्या अवस्थेची ती लक्षणे आहेत. दुसरा मुद्दा त्याहून महत्त्वाचा. पोलिश माणूस एकेकटा सुटून अमेरिकन होत नाही. तो आधी आपल्या लोकांबरोबर काहीतरी नवे उभारतो: चर्च, शाळा, वृत्तपत्र, आजारपणात आणि मरणाला मदत करणारी मंडळे. हा समाज पोलंडमधला नसतो आणि पूर्ण अमेरिकनही नसतो. तो तिसराच काहीतरी असतो. बाहेरून पाहणाऱ्याला वाटते, हे लोक आपापला कळप करून राहतात. प्रत्यक्षात तो कळप हाच नव्या देशात शिरण्याचा दरवाजा असतो.

एप्रिल १९१८

ग्रंथाचे पहिले दोन खंड १९१८ साली शिकागो विद्यापीठाच्या मुद्रणालयाने काढले. थॉमस तेव्हा ५४ वर्षांचे होते आणि कीर्तीच्या शिखराच्या उंबरठ्यावर होते. त्याच वर्षी एप्रिलमध्ये संघराज्याच्या गुप्तचर खात्याच्या माणसांनी त्यांना शिकागोतील एका हॉटेलात अटक केली. त्यांच्याबरोबर एक तरुण विवाहित स्त्री होती. तिचा पती लष्करी अधिकारी असून तो फ्रान्समध्ये युद्धावर होता. हॉटेलच्या नोंदवहीत खोटे नाव लिहिले, आणि १९१० च्या मान कायद्याचा भंग केला, असे आरोप ठेवण्यात आले. अनैतिक हेतूने स्त्रीला एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेण्याविरुद्धचा हा कायदा.

वृत्तपत्रांना पर्वणीच लाभली. युद्धाचे दिवस, रणांगणावरच्या अधिकाऱ्याची पत्नी आणि स्त्रीस्वातंत्र्यावर व्याख्याने देणारा प्राध्यापक. मथळ्यांना आणखी काय हवे? आरोप न्यायालयात टिकले नाहीत. पण विद्यापीठाला तेवढा धीर नव्हता. अध्यक्ष हॅरी प्रॅट जडसन आणि विश्वस्त मंडळाने थॉमस यांना तडकाफडकी बडतर्फ केले. पंचवीस वर्षांच्या नात्याचा शेवट काही दिवसांत झाला. सहकाऱ्यांपैकी जाहीरपणे त्यांच्या बाजूने उभे राहणारे विरळाच. विद्यापीठाच्या मुद्रणालयाने ग्रंथाचे काम सोडून दिले. उरलेले तीन खंड बॉस्टनच्या रिचर्ड बॅजर या प्रकाशकाने काढले.

थॉमस यांचे वागणे निर्दोष होते, असे कोणी म्हणणार नाही. पण दुसरीही एक बाजू आहे. त्यांच्या पत्नी हॅरिएट या शांततावादी चळवळीतल्या आघाडीच्या कार्यकर्त्या होत्या आणि जेन अ‍ॅडम्स यांच्याबरोबर स्त्रियांच्या शांतता पक्षाचे काम करीत. अमेरिका युद्धात उतरल्यानंतर अशा लोकांवर सरकारची नजर होती. नवऱ्याला अडकवले ते बायकोचे तोंड बंद करण्यासाठी, असा संशय तेव्हापासून आजवर व्यक्त होत आला आहे. एका प्राध्यापकाच्या खासगी प्रकरणात गुप्तचर खात्याने का पडावे, हा प्रश्न त्यामुळे आपोआप उभा राहतो. ज्यांचा सर्वाधिक अपमान झाला होता त्या हॅरिएट मात्र संकटकाळात नवऱ्याच्या पाठीशी उभ्या राहिल्या.

दुसऱ्यांच्या नावावरचे पुस्तक

थॉमस न्यूयॉर्कला गेले. पुन्हा कायमची प्राध्यापकी त्यांना आयुष्यात मिळाली नाही. त्या सुमारास कार्नेगी संस्थेने स्थलांतरितांच्या अमेरिकीकरणाविषयी पुस्तकांची मालिका हाती घेतली होती. या विषयातला थॉमस यांच्याएवढा जाणकार देशात नव्हता, म्हणून एका पुस्तकाचे काम त्यांच्याकडे आले. त्यांनी ते मन लावून लिहिले. त्यात इटालियन, ज्यू, चिनी, मेक्सिकन अशा अनेक समाजांतील पत्रे आणि आत्मकथने होती. न्यूयॉर्कच्या ज्यू वस्तीतला पैसा मिळाल्यावर फुगून गेलेला ‘ऑलराइटनिक’, पोटाला चिमटा घेऊन पैसे साठवायचे आणि गावी परतायचे एवढेच ठाऊक असलेला इटालियन ‘काफोने’, अशा माणसांचे नमुने त्यात होते.

पुस्तकाचा गाभा मात्र गंभीर होता. नव्या माणसाकडून त्याची भाषा, त्याच्या आठवणी हिसकावून घेऊन त्याला आपलासा करता येत नाही. असे केल्याने तो दोन्हीकडचा राहत नाही, अधांतरी लोंबकळतो. त्याला त्याच्या लोकांत मान राहू द्या, नव्या जीवनात वाटा द्या. दोघांच्या समाईक आठवणी तयार होऊ लागल्या की तो आपोआप तुमचा होईल. अशा अर्थाचे हे प्रतिपादन होते.

पुस्तक १९२१ साली बाहेर पडले. मुखपृष्ठावर नावे होती रॉबर्ट पार्क आणि हर्बर्ट मिलर यांची. थॉमस यांचे नाव बदनाम झाल्यामुळे ते छापायला प्रायोजक तयार नव्हते. यातला योगायोग मनाला लागणारा आहे. १९१२ साली टस्कीगी येथे कृष्णवर्णीयांच्या प्रश्नांवरील परिषदेत थॉमस यांची पार्क यांच्याशी भेट झाली होती, आणि पार्क यांना शिकागो विद्यापीठात आणण्यात थॉमस यांचाच पुढाकार होता. आता पार्क विद्यापीठात होते आणि थॉमस बाहेर. निर्वासित सहकाऱ्याला बरोबरीचे लेखकपद देणाऱ्या माणसाचे स्वतःचे पुस्तक तीस वर्षे दुसऱ्यांच्या नावावर खपत राहिले.

आणि देशाने त्यांचे ऐकले का? नाही. १९१७ साली निरक्षरांना आणि आपल्या हिंदुस्थानासह आशियाच्या मोठ्या भागातील लोकांना दार बंद करणारा कायदा आधीच झाला होता. १९२१ आणि १९२४ साली देशवार कोटे ठरवून पूर्व आणि दक्षिण युरोपातून येणाऱ्यांचा ओघ आवळण्यात आला. १९२४ च्या कायद्याने साऱ्या पोलंडच्या वाट्याला वर्षाला सहा हजारांहूनही कमी जागा आल्या. चौकशी आयोगाचे ४१ खंड जिंकले, पत्रांचे पाच खंड हरले.

उशिरा आलेला न्याय

थॉमस कडवट झाले नाहीत. एथेल डमर या शिकागोतील दानशूर बाईंच्या मदतीने त्यांनी वाट चुकलेल्या मुलींवर १९२३ साली पुस्तक लिहिले. न्यूयॉर्कच्या न्यू स्कूलमध्ये काही वर्षे शिकवले. तरुण समाजशास्त्रज्ञांना हा अन्याय सलत होता. त्यांनी आग्रह धरला आणि १९२७ साली अमेरिकन समाजशास्त्र परिषदेचे अध्यक्षपद थॉमस यांना मिळाले. पुढच्याच वर्षी डोरोथी स्वेन या तरुण संशोधिकेबरोबर लिहिलेल्या पुस्तकात त्यांनी आपला सर्वांत प्रसिद्ध विचार मांडला. परिस्थिती मुळात कशी आहे यापेक्षा माणूस ती कशी समजतो यावर त्याचे वागणे ठरते, आणि समजूत खोटी असली तरी तिचे परिणाम खरे असतात, असे त्याचे सार. रॉबर्ट मर्टन यांनी पुढे या सिद्धान्ताला थॉमस यांचेच नाव दिले. परका म्हणजे गुन्हेगार, अशी गावाची समजूत झाली की त्या परक्याला काम मिळत नाही, घर मिळत नाही, हे पाहायला समाजशास्त्र शिकावे लागत नाही.

हॅरिएट यांच्याशी त्यांचा घटस्फोट झाला आणि १९३५ साली त्यांनी डोरोथी यांच्याशी विवाह केला. दोघांच्या वयात ३६ वर्षांचे अंतर होते. डोरोथी यांनी पुढे स्थलांतराच्या अभ्यासात स्वतःचे मोठे नाव कमावले. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने आपल्याच जपानी वंशाच्या रहिवाशांना छावण्यांत डांबले, तेव्हा बर्कली येथून त्याचा अभ्यास करणाऱ्या प्रकल्पाच्या त्या प्रमुख होत्या. १९५२ साली त्या समाजशास्त्र परिषदेच्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या.

झ्नान्येत्स्की १९२० साली स्वतंत्र झालेल्या पोलंडमध्ये परतले. पोझ्नान विद्यापीठात त्यांनी समाजशास्त्राचा पाया घातला आणि सामान्य माणसांकडून आत्मचरित्रे लिहून घेण्याची परंपरा तिथे रुजवली. १९३९ साली जर्मनीने पोलंडवर आक्रमण केले तेव्हा ते देशाबाहेर होते. परतण्याची वाट बंद झाली आणि देशांतर करणाऱ्यांचा हा रक्षक दुसऱ्यांदा परागंदा झाला. त्यांची मुलगी हेलेना हिने अमेरिकेतल्या पोलिश समाजावरच पुस्तक लिहिले.

‘पोलिश शेतकरी’ या ग्रंथावर टीकाही झाली. अमेरिकेतल्या अनेक पोलिश लोकांना वाटले, की यात आपली पडझडच फार दाखवली आहे. १९३८ साली समाजशास्त्रज्ञांच्या एका मोठ्या बैठकीत हर्बर्ट ब्लूमर यांनी ग्रंथाची कठोर चिकित्सा केली. पत्रे बोलकी आहेत, पण सिद्धान्त त्या पत्रांतूनच निघाले हे सिद्ध होत नाही, असा त्यांचा आक्षेप होता. थॉमस स्वतः त्या चर्चेत होते. त्यांनी हा आक्षेप बऱ्याच अंशी मान्य केला. पंचाहत्तरीतल्या विद्वानाने आपल्या आयुष्यभराच्या कामातली उणीव चारचौघांत कबूल करावी, हेही थोडे नव्हे. बहुतेक पत्रे पोलंडहून आलेली, त्यामुळे अमेरिकेतून गेलेल्या पत्रांची बाजू त्यात कमीच, हीसुद्धा एक मर्यादा. पण हातात काही नसताना पहिला मार्ग ज्याने पाडला, त्याच्या रस्त्यावर खाचखळगे असायचेच.

५ डिसेंबर १९४७ रोजी बर्कली येथे थॉमस यांचे निधन झाले. ते ८४ वर्षांचे होते. त्यानंतर चार वर्षांनी, १९५१ साली, तीस वर्षांपूर्वीचे ते पुस्तक थॉमस यांनी लिहिले होते हे जाहीरपणे नोंदवण्यात आले. आणि १९६६ साली शिकागो विद्यापीठाच्या मुद्रणालयाने थॉमस यांच्या निवडक लेखनाचा संग्रह आपल्या मानाच्या ग्रंथमालेत प्रसिद्ध केला. ज्या मुद्रणालयाने तिसरा खंड छापायला नकार दिला होता, त्याच मुद्रणालयाने.

आपल्यापैकी बऱ्याच घरांत आज कोणी ना कोणी परदेशी आहे. पत्रे आता येत नाहीत. फोन येतो, चेहराही दिसतो. तरी बोलण्याचा क्रम तोच असतो. आधी तब्येत, मग घरातल्या एकेकाची चौकशी, आणि ठेवताना सगळ्यांना नमस्कार सांगा. शंभर वर्षांपूर्वी पोलिश शेतकरी हेच करीत होता. त्या नमस्कारांत एक अख्खे कुटुंब तग धरून असते, हे ओळखणाऱ्या माणसाची त्या वेळी निदान आठवण व्हावी.